कोडोलीचे पाळणे

कोल्हापूर,
३ नोव्हेंबर १९५३

अक्का, तुला वाकून नमस्कार.

एक गंमत सांगते, पण हसू नकोस. दसऱ्याच्या सभेत आमच्या भगिनी सेवा मंडळानं मला वर्षाची अध्यक्ष केलं. मी नको नको म्हणत होते, तोवर कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातलासुद्धा. आता पुढच्या दसऱ्यापर्यंत कोल्हापूर, कागल आणि कोडोली या तिन्ही शाखा माझ्या गळ्यात. घरी आले तर हे म्हणाले, "अध्यक्षीणबाई, चहा मिळेल, की आधी ठराव मांडावा लागेल?"

कोल्हापुरात दवाखान्यातल्या बायकांना भेटायला जाणं आणि कागलला साक्षरतेचा वर्ग, ही कामं आधीपासून चालू आहेत. माझ्या मनात कोडोलीचं एक नवं काम आहे. तिथं आता गुऱ्हाळं सुरू होतील. उसाची चिपाडं उन्हात वाळत घालायला बायका तान्ही पोरं घेऊन येतात आणि तिथंच धुरात, धगीत, झाडाला झोळी बांधून त्यांना निजवतात. आकाराम आण्णा म्हणून एक गुऱ्हाळाचे मालक आहेत, त्यांनी आम्हाला शेजारचा गोठा सारवून दिला आहे. तिथं आठ पाळणे टांगायचे आणि आमच्यातल्या एकीनं दिवसभर बसायचं.

पाळण्यांची अंथरुणं मी स्वतः शिवली. नवं कोरं लाँगक्लॉथ आणलं, त्याला नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली. घड्या करून ठेवताना बेळगावच्या कॉन्व्हेंटमधली आपली डॉर्मिटरी डोळ्यांपुढे आली. पांढऱ्या खाटांची ती लांबच लांब रांग, सिस्टर बर्थाच्या पायांचा न होणारा आवाज, आणि मच्छरदाणीतून बाहेर येऊन माझा हात धरणारा तुझा हात. आई गेल्यावर बाबांनी आपल्याला तिथं ठेवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. तू तरी कुठे मोठी होतीस, बारा वर्षांची.

पाळणे टांगायचे त्या दिवशी तू यायला हवंस. आमच्या माधवच्या बारशाला आलीस, ती शेवटची. त्यानंतर माझ्या घरच्या एकाही कार्याला आली नाहीस. दर वेळी काहीतरी निघतं. या वेळी काही काढू नकोस. आणि भाषणात काय बोलायचं तेही कळव. शाळेतले माझे निबंध तूच लिहून द्यायचीस.

तुझी,
श्यामला

* * *

धारवाड,
११ नोव्हेंबर १९५३

चि. श्यामू, अनेक आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालीस, पण हसले. यांना वाचून दाखवलं, तेही हसले. भाषणाचं इतकंच, की उभी राहा, सगळ्यांकडे नीट बघ आणि लवकर खाली बस.

यायचं जमणार नाही. यांचे गुडघे फार दुखतात. घरात आम्ही दोघं आणि एक मांजर, तरी घर सोडवत नाही. सकाळी इथं दाट धुकं असतं. अंगणातल्या दोरीवर माझी दोन लुगडी आणि यांची दोन धोतरं टाकली की धुणं संपतं. मग मी तिथंच पायरीवर बसते आणि धुक्यातून एकेक झाड परत येताना बघते.

काम चांगलं काढलंस. मला कळवत राहा.

अक्का

* * *

कोल्हापूर,
१४ डिसेंबर १९५३

अक्का,

पाळणे टांगून दोन आठवडे झाले. एकही पोर आलं नाही.

मी एक दिवसाआड कोडोलीला जाते. सकाळी एसटीतून उतरलं की आधी गुळाचा वास येतो आणि मग गाव दिसतं. काहिलीतून वाफ निघत असते, त्या वाफेत माणसं तरंगत असल्यासारखी दिसतात. आणि गोठ्यात माझे आठ पांढरे पाळणे, वाऱ्यानं आपापले हलत असतात. बाहेर पाहावं तर बाभळीला झोळ्या लटकलेल्या आणि त्यांत पोरं खोकत असतात.

बनाबाई म्हणून एक तरणी बाई तिथं चिपाडं पसरते. पोटुशी आहे. ती काल दारात येऊन उभी राहिली, आत आली, चादरीला एक बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "लई पांढरं हाय वो, बाई."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय न्हाई," म्हणाली आणि गेली.

आकाराम आण्णा म्हणतात, "येतील की पोरं. दमानं घ्या. म्हैससुद्धा नव्या गोठ्यात लगेच जात न्हाई." आमच्या चिटणीस गोदूताई मात्र सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चादरीला सुरकुती पडू नये म्हणून पोरं येत नसतील." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण गाडीत बसल्यावर डोळे भरून आले. संक्रांतीपर्यंत पाळण्यात पोर दिसलं नाही तर कोडोलीची शाखा बंद करायची, असं ठरलं आहे.

माझं काय चुकतं आहे, अक्का?

श्यामला

* * *

धारवाड,
१९ डिसेंबर १९५३

चि. श्यामू,

तुझा माधव कशात वाढला ते आठव.

तुझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांत. तान्ह्या बाळाला कोरं कापड कुणी लावतं का? किती धुण्यांतून गेलेलं, अंगावर वापरून मऊ झालेलं लुगडं लागतं त्याला. खेड्यातच काय, आपल्यातही तसंच. तू तुझ्या पोराला तेच केलंस, आणि मंडळाची अध्यक्ष झाल्याबरोबर विसरलीस. तू पाळणे नाही टांगलेस, सिस्टर बर्थाच्या खाटा मांडल्यास. वर खळ दिलीस. त्या बाईनं फक्त पांढरं आहे म्हटलं, हे तिचं सौजन्य.

आता घरोघर जा आणि जुनी लुगडी माग. पण भरल्या घरातली माग, जिथं पोरंबाळं नांदली आहेत अशी. ती आई नक्की विचारील, हे कुणाच्या घरचं म्हणून.

रडू नकोस. लहानपणी रडलीस की तुझं नाक लाल व्हायचं आणि मला हसू यायचं.

अक्का

* * *

कोल्हापूर,
१८ जानेवारी १९५४

अक्का,

सात पाळण्यांत सात पोरं आहेत.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग आम्ही मंगळवार पेठेपासून सुरुवात केली. दारात जायचं आणि जुनं लुगडं मागायचं. बायका आधी चमकायच्या, मग आत जाऊन ट्रंक उघडायच्या आणि तिथंच बसून राहायच्या. एकेक लुगडं हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या. एक म्हातारी म्हणाली, "ह्यात माझी पाचही निजलीत, आता सांभाळून न्या." गोदूताईंनी आपली दोन जुनी नऊवारी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

तू म्हणालीस तसंच झालं. कोडोलीच्या बायका पहिल्यांदा हेच विचारतात, "ह्ये कुणाच्या घरचं?" आम्ही सांगतो, पाच लेकरांच्या आईचं, जुळ्यांच्या आईचं. मग त्या पदराची कड चाचपून बघतात आणि पोर आत ठेवतात. बाभळीला आता एकही झोळी नाही. माझ्या पांढऱ्या चादरी आण्णांनी रस गाळायला मागून नेल्या. म्हणाले, "कापड लई बेस हाय."

आठवा पाळणा मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तो तुझ्या लुगड्यासाठी. ते काळं इरकली, लाल काठाचं, तुझ्याकडे असणारच. तुझं लग्न झाल्यावर सुट्टीत मला बेळगावहून न्यायला यायचीस तेव्हा तेच नेसलेली असायचीस. गाडीत मी तुझ्या मांडीवर झोपायचे आणि उठल्यावर गालावर त्या काठाची वेलबुट्टी उमटलेली असायची. ते पाठव. कामाची ही सारी वाट तू दाखवलीस, मग तुझं काही तिथं नको का?

श्यामला

* * *

धारवाड,
२७ जानेवारी १९५४

चि. श्यामू,

पोरं आली हे वाचून बरं वाटलं.

ते लुगडं आता नाही. बोहारीण आली होती, तिला देऊन एक पातेलं घेतलं. इतर लुगडीही विरली आहेत, पाठवण्यासारखं काही नाही.

इथं थंडी कमी झाली. यांचे गुडघे बरे आहेत.

अक्का

* * *

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी १९५४

अक्का,

तुझं चार ओळींचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पातेल्यासाठी तू ते लुगडं दिलंस, हे मला पटत नाही. तू शाळेतल्या रिबिनी जपून ठेवणारी. मी काही बोलले का? अध्यक्षपणाच्या भरात तुला विचारायचं, सांगायचं राहिलं का? की माझं हे सगळं तुला मिरवणं वाटतं?

कोल्हापूरच तुला आवडत नाही, असं मला कधी कधी वाटतं. माधवच्या बारशालाही तू त्याच संध्याकाळी निघून गेलीस. मी आत बाळंतिणीच्या खोलीत वाट बघत होते, की पाहुण्या गेल्या की अक्का येईल, माझ्याजवळ बसेल. सासूबाई म्हणाल्या, यजमानांची रजा संपली म्हणून गेल्या. तीस वर्षं झाली, मी काही विचारलं नाही.

आठवा पाळणा अजून रिकामाच आहे. गोदूताई म्हणतात, दुसरं लुगडं घाला. मी घालत नाही.

श्यामला

* * *

धारवाड,
१ मार्च १९५४

श्यामू,

रागावले नाही. लिहायला बसले आणि उठले, असं चार-पाचदा झालं, म्हणून उशीर.

तू आतल्या खोलीत होतीस, शेगडीजवळ, डोक्याला फडकं बांधून. तुला बाहेरचं काय दिसणार. मी माधवसाठी निळ्या खणाची कुंची शिवून आणली होती. तुझ्या सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, छान आहे म्हणाल्या आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "नंदिनीबाई, पाळण्यापाशी आज लेकुरवाळ्याच उभ्या राहू देत हं."

त्या वाईट नव्हत्या, श्यामू. त्यांना नातवाची काळजी. माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी दुसरी कुणीही हेच म्हणाली असती. मी ओसरीवर बसून पाळणा ऐकला. नाव ठेवताना सगळ्या हसल्या तेही ऐकलं. आणि संध्याकाळच्या मिरजेच्या गाडीनं निघाले. रजा अजून दोन दिवस होती.

त्यानंतर मी कुणाच्याच पाळण्यापाशी गेले नाही. कुणी अडवायच्या आधी आपणच लांब राहिलेलं बरं, अशी सवय लागली. म्हणून तुला लिहिलं, लुगडी भरल्या घरातली माग. माझं घर त्यात बसत नाही.

बोहारणीचं खोटं होतं. लुगडं पार्सलनं पाठवते आहे. तुझ्या गोधडीला अस्तर लाव, उशाशी घे, काही कर. पण पाळण्यात घालू नकोस. कुणा आईच्या मनात किंतु नको.

अक्का

* * *

कोल्हापूर,
२२ मार्च १९५४

अक्का,

तुझं पत्र वाचून मी रंकाळ्यावर जाऊन बसले. हे शोधत आले आणि शेजारी बसले. पाण्यावर इतकं ऊन होतं, की पलीकडचा काठ दिसत नव्हता. मला सारखं वाटत होतं, की त्या उजेडातून कुणीतरी मच्छरदाणी सारून हात पुढे करील.

तू सांगितलंस ते मी ऐकलं नाही. लुगडं कोडोलीला घेऊन गेले.

बनाबाईला मुलगी झाली. ती पोरीला घेऊन परवा पहिल्यांदाच कामावर आली होती. बाकीचे पाळणे भरलेले. मी तुझ्या लुगड्याची घडी आठव्या पाळण्यात ठेवली. तिनं विचारलं, "ह्ये कुणाच्या घरचं?"

मला खोटं सांगता आलं असतं. सांगावंसं वाटलं नाही. म्हटलं, "माझ्या थोरल्या बहिणीचं. धारवाडला असते. तिला मूलबाळ नाही. तुला नको असेल तर दुसरं देते."

बाकीच्या बायकाही हातातली चिपाडं टाकून दारात आल्या. एकजण पुटपुटली, "नगं गं बने, पयलंच प्वार हाय."

मग बनाबाई म्हणाली, "ती बहीण असली, तर तुमी ह्ये लुगडं आईगत छातीशी का धरून आनलं?"

मी सांगितलं. आई लवकर गेली. अक्कानं वेणी घातली, भरवलं, तापात रात्रंदिवस बसली. हे लुगडं नेसून मला न्यायला यायची. याच्यावर मी झोपले आहे.

"म्हंजी तुमास्नी तिनंच वाडवलं."

"हो."

बनाबाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत निरखून बघितलं. तुला माहीतच आहे मी आता किती सुटले आहे. आणि ती हसायला लागली. "मग येवडं मोटं लेकरू जगवलंय की तिनं. अजून काय पायजे?"

सगळ्या हसल्या. ती मघाची बाईसुद्धा. बनाबाईनं लुगडं पाळण्यात पसरलं, लाल काठ पोरीच्या गालाला लागेल असा वळवला आणि तिला निजवलं. "निज गं, थोरल्या आईचं हाय," असं काहीतरी म्हणाली आणि चिपाडं पसरायला गेली. मी दोरी धरून बसले. पोर उठली तेव्हा तिच्या गालावर वेलबुट्टी होती.

श्यामला

* * *

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर १९५४

अक्का,

दसरा झाला आणि माझं वर्ष संपलं. टेबलावरची ती पितळी घंटा मी गोदूताईंच्या हातात दिली. आता त्या अध्यक्ष. घंटा वाजवायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडेल.

निरोपाच्या सभेत बोलायला उभी राहिले. सगळ्यांकडे बघितलं. कितीतरी बोलायचं ठरवून गेले होते, पण त्यातलं सगळं त्या गोठ्यातच राहिलं असावं. "मी खूप घेऊन निघाले आहे," इतकंच म्हटलं आणि खाली बसले. तू सांगितलं होतंस तसं. टाळ्या मात्र पुष्कळ पडल्या. गोदूताई म्हणाल्या, तुमचं वर्षातलं हे सर्वांत चांगलं भाषण.

आता दुपारी मी खिडकीशी बसते आणि वर्ष परत येतं, तुझ्या धुक्यातल्या झाडांसारखं. दवाखान्यातली एक म्हातारी येते. तिला फळं नको असायची, फक्त कुणीतरी केस विंचरायला हवं असायचं. मी तिचे केस विंचरायचे आणि तुझे हात आठवायचे. कागलच्या वर्गातली पारूबाई येते. ती एसटीच्या धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं आपलं नाव लिहायची आणि गाडी सुटली की नावाकडे बघत उभी राहायची. तिचं नाव त्या काचेवरून कोल्हापूरपर्यंत यायचं. सभांमधली भांडणंसुद्धा आता गोड वाटतात. सेविकांच्या साडीचा काठ हिरवा की निळा, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी जिनं तिनं आपापलीच साडी नेसली.

वर्षाच्या सुरुवातीला मला वाटायचं, आपण लोकांना काहीतरी नेऊन द्यायचं. पांढरं, स्वच्छ, इस्त्री केलेलं. सिस्टर बर्थानं तेच शिकवलं आणि ते वाईट नव्हतं. पण लोकांच्या ट्रंकांत किती काय असतं आणि ते मागणारं कुणी येत नाही, हे मला कळायला वर्ष लागलं. तुझ्याही ट्रंकेत होतं. मीच मागायला इतक्या वर्षांनी आले.

परवा कोडोलीला शेवटचं जाऊन आले. शेवटचं म्हणते, पण अध्यक्षपण गेलं तरी दोरी धरायला कुणी अडवणार नाही. पुढच्या महिन्यात गुऱ्हाळ सुरू होईल. आकाराम आण्णा म्हणाले, यंदा शेजारच्या गुऱ्हाळातलीही पोरं येणार, पाळणे वाढवा. म्हणजे आणखी जुनी लुगडी लागतील. बनाबाईची पोर आता रांगते. तिनं तुझं लुगडं घरी नेलं आहे, पोर दुसऱ्या कशात निजत नाही म्हणून. मी ते परत मागितलं नाही.

निघताना बनाबाईनं विचारलं, "तुमची थोरली कवा येनार?"

मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे.

तुझी,
श्यामू

* * *

धारवाड,
२० ऑक्टोबर १९५४

चि. श्यामू,

दिवाळी झाली की येते. मिरजेला गाडी बदलताना हमाल करावा लागेल, गाठोडं मोठं आहे.

काल ट्रंक उघडली. बावीस लुगडी निघाली. लग्नातलं, मंगळागौरीचं, यांना नोकरी लागली तेव्हाचं. काही तर मी विसरूनच गेले होते. सगळी धुतली. खळ दिली नाही. एका दोरीवर मावेनात, म्हणून पेरूपासून विहिरीपर्यंत आणखी दोन दोऱ्या बांधल्या. वारा सुटला होता. अंगणभर लुगडीच लुगडी, त्यांच्यातून चालताना मलाच वाट सापडेना.

शेजारचे मास्तर कुंपणापाशी येऊन थांबले. इतकी वर्षं दोन लुगडी आणि दोन धोतरं बघायची सवय त्यांना. म्हणाले, "काय हो, घरात कुणी बाळंत आहे का?"

हे ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो. कोडोलीला."

अक्का